कुंपणानं खाल्लेलं शेत : लाहोरचा उर्दू सिनेमा

परक्या सिनेमावर बंदी घातली की आपला सिनेमा फोफावतो, असं मानणारे लोक सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. आपल्याकडे पाकिस्तानी नट, मालिका आणि चित्रपट यांच्यावरची बंदी ही देशभक्तीची किमान अट होऊन बसली आहे. तिकडे भारतीय चित्रपटांवरची बंदी १९६५ पासून, मधली काही वर्षं सोडली तर, चालूच आहे. देशभक्तीचा मुद्दा मी टाळणार नाही, त्याकडे येतो. पण आधी बंदीचाच हिशोब मांडायचा आहे, कारण हा प्रयोग पाकिस्तानात साठ वर्षं चालला आणि त्याचा निकाल समोर आहे. मुंबईच्या सिनेमापासून संरक्षण द्या, असं लाहोरच्या उर्दू चित्रपटसृष्टीनं सरकारला सांगितलं. मागितलं तेवढं संरक्षण तिला मिळालं. आणि त्या संरक्षणातच ती जवळजवळ मेली.

मागणारे लोक कोण होते, हे आधी बघू. त्यांच्यातले एक तर अर्धे पुण्याचेच होते. डब्ल्यू. झेड. अहमद. चाळीसच्या दशकात पुण्यात त्यांचा शालिमार स्टुडिओ होता. प्रभातच्या गावात त्यांनी आपला वेगळा डाव मांडला आणि जोश मलीहाबादी, कृष्णचंदर, अख्तर-उल-ईमान असे लेखक-कवी पदरी ठेवले. उर्दू साहित्यातली त्या पिढीची ही माणसं पुण्यात राहून चित्रपट लिहीत होती, हे आज पुण्यातल्या किती जणांना ठाऊक असेल? फाळणीनंतर अहमद लाहोरला गेले. नूरजहाँ आणि तिचे पती, दिग्दर्शक शौकत हुसेन रिझवी, मुंबई सोडून गेले. उलट्या दिशेनं लाहोरचे मोठे निर्माते दलसुख पंचोली मुंबईला आले. रूप शोरी यांचा लाहोरमधला स्टुडिओ दंगलीत जळाला, तेही इकडे आले. १९४८ मध्ये पाकिस्तानचा पहिला चित्रपट 'तेरी याद' लागला आणि पडला. त्याचा नायक नासिर खान म्हणजे दिलीपकुमारचा भाऊ. तोही पुढे मुंबईला परतला.

तर लाहोरकडे पडके स्टुडिओ होते, थोडे कलावंत होते, आणि थिएटरांत मुंबईचे चित्रपट जोरात चालत होते. अशात १९५४ साली गुरुदत्तचा 'जाल' पश्चिम पाकिस्तानात आणायचं ठरलं. (गोव्याच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांची ती गोष्ट. पाकिस्तानच्या चित्रपट-राजकारणाला नाव मिळालं ते गोव्यातल्या कथेवरून.) अहमद, रिझवी, नूरजहाँ असे सगळे रस्त्यावर उतरले, अनेकांना अटक झाली. 'जाल' आंदोलन म्हणून ते आजही ओळखलं जातं. त्यानंतर भारतीय चित्रपटांच्या आयातीवर मर्यादा आल्या आणि १९६५ च्या युद्धात ती पूर्ण थांबली.

मी त्या वेळी लाहोरमध्ये असतो तर त्या मोर्चात मीही गेलो असतो. नुकत्या उभ्या राहणाऱ्या धंद्याला श्वास घ्यायला जागा हवी असते, आणि बलाढ्य शेजारी दाराशी असताना ती आपोआप मिळत नाही. पण त्याच १९५४ सालातली दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. अहमद यांचा स्वतःचा 'रूही' हा चित्रपट पाकिस्तानच्या सेन्सॉरनं अडवला. श्रीमंत-गरिबांमधला विद्वेष त्यात दाखवलाय, हा आक्षेप. शेजाऱ्याचा चित्रपट रोखायला ज्या सरकारला त्यांनी हाक मारली, त्याच सरकारनं त्यांचाही चित्रपट रोखला. ज्याच्या हाती दार बंद करायचा अधिकार दिला, तो दाराच्या आतल्यांनाही विचारत नाही. पाकिस्तानी सिनेमाचा पुढचा सगळा इतिहास या एका वर्षात दिसतो, असं मला वाटतं.

यावर एक उत्तर हमखास येतं, आणि ते वजनदार आहे. बंदी इतकी वाईट, तर मग साठचं दशक कसं बहरलं? आयात आटली आणि त्याच काळात पाकिस्तानी सिनेमाचा सुवर्णकाळ आला. १९६६ मध्ये 'अरमान' लागला आणि उर्दू चित्रपटांत पहिल्यांदा प्लॅटिनम जुबिली झाली, म्हणजे पंचाहत्तर आठवडे. वहीद मुरादनं निर्मिती केली आणि नायकही तोच. दिग्दर्शक परवेझ मलिक अमेरिकेतून चित्रपटाचं शिक्षण घेऊन आलेला. संगीत सोहेल राणाचं, गाणी मसरूर अन्वरची. अहमद रुश्दीनं गायलेलं 'को को कोरिना' आजही कराचीतल्या लग्नांत वाजतं. ही चौकडी कराचीची, लाहोरची नव्हे. चित्रपट काढायला लाहोरच्या जुन्या जाणत्यांकडे जायची गरज नाही, हे त्यांनी दाखवून दिलं.

आणि तिसरं केंद्र होतं ढाका, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं. सुवर्णकाळाचं कारण शोधताना मुंबईवरच्या बंदीचं नाव सगळे घेतात, ढाक्याचं कुणी घेत नाही. १९६२ मध्ये ढाक्यात एहतेशाम यांनी 'चंदा' हा उर्दू चित्रपट केला आणि तो थेट पश्चिम पाकिस्तानात चालला. १९६४ चा 'संगम' हा पाकिस्तानचा पहिला रंगीत चित्रपट. तो उर्दूत होता आणि तो केला झहीर रायहाननं, ज्यानं १९५२ च्या बांग्ला भाषा आंदोलनात भाग घेतला होता. स्वतःच्या भाषेसाठी लढलेला माणूस दुसऱ्याच्या भाषेत देशातला पहिला रंगीत चित्रपट काढतो! १९६७ मध्ये 'चकोरी'तून नदीम हा नायक आला, तोही ढाक्यातूनच. लाहोरला आता दोन बाजूंनी टक्कर होती : कराचीचा नवेपणा आणि ढाक्याचं संगीत, तिथली साधी, नदीकाठची गोष्ट. साठचं दशक बहरलं ते कुंपणामुळे नव्हे, कुंपणाच्या आत तीन शहरांची चुरस होती म्हणून.

१९७१ ला ढाका गेलं. अर्धी बाजारपेठ गेली आणि चुरशीतला एक गडीही गेला. कुंपण मात्र होतं तिथेच राहिलं.

गेलेल्या ढाक्याची पुण्याई पुढे काही वर्षं पुरली. १९७७ चा 'आईना' घ्या. पाकिस्तानातला सर्वात गाजलेला उर्दू चित्रपट कोणता, असं विचारलं तर बहुतेक जण हेच नाव घेतील. कराचीत तो चारशे आठवडे चालला, असं तिथे अभिमानानं सांगतात. मी तो यूट्यूबवर पाहिला. रंग उडालेले, आवाज मध्येच खरखरतो. श्रीमंताची मुलगी, साध्या नोकरीतला मुलगा, प्रेमविवाह, मुलीच्या वडिलांचा पैशाचा माज, तुटलेला संसार आणि मध्ये अडकलेलं मूल. गोष्ट आपल्या ओळखीची आहे. १९८५ मध्ये मुंबईत मिथुन चक्रवर्ती आणि पद्मिनी कोल्हापुरे यांना घेऊन 'प्यार झुकता नहीं' आला तो याच गोष्टीवर. म्हणजे उचलेगिरी एकाच दिशेनं चालत नव्हती.

पण 'आईना'ची श्रेयनामावली वाचताना मी थांबलो. दिग्दर्शक नझरुल इस्लाम, बंगाली. संगीतकार रॉबिन घोष, बंगाली ख्रिश्चन. नायिका शबनम, मूळची ढाक्याची झरना बसाक, बंगाली हिंदू घरातली. नायक नदीम, जन्म विजयवाड्याचा. गायक मेहदी हसन राजस्थानातल्या लुना गावचे. 'रूठे हो तुम' गाणारी नय्यरा नूर गुवाहाटीत जन्मलेली. उर्दूचा हा लाडका चित्रपट पाकिस्तान नावाच्या भूमीत जन्मलेल्यांपेक्षा तिथे येऊन पोचलेल्यांनी जास्त घडवला. यात आश्चर्यही नाही. पाकिस्तानात उर्दू मातृभाषा असलेले लोक दहा टक्क्यांहूनही कमी आहेत. उर्दू सिनेमा कायम असाच चालला : पंजाबी निर्माता, बंगाली संगीतकार, लखनौकडचा कवी, सिंधी खलनायक, ख्रिश्चन नायिका. ज्या सिनेमाचं सगळं बळ येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांत होतं, त्याला भिंत जेवढी बाधली तेवढी दुसऱ्या कुठल्या सिनेमाला बाधली नसती.

ताजी माणसं येणं थांबलं की जुन्यांनाच ताजेपणाचं सोंग आणावं लागतं. मुंबईचा चित्रपट प्रेक्षकाला बघता येत नाही म्हटल्यावर तो जसाच्या तसा उतरवून काढायची सोय झाली. लाहोरमध्ये अशा चित्रपटाला 'चरबा' म्हणत. बंदी नसती तर प्रेक्षकानं मूळ चित्रपट पाहिला असता आणि नक्कल पहिल्याच आठवड्यात पडली असती. बंदीनं नकलेला बाजार मिळवून दिला. आणि ज्याला नकलेवर पोट भरता येतं, तो नवा लेखक कशाला शोधेल, त्याला पैसे तरी कशाला देईल?

मग १९७७ मध्ये जनरल झिया सत्तेवर आले. १९७९ च्या चित्रपटविषयक वटहुकुमानं जुनी सेन्सॉर प्रमाणपत्रं रद्द झाली, नव्यानं परवानगी घ्यावी लागली. निर्मात्याकडे पदवी हवी, असाही नियम निघाला. तोवर पदवी नसलेल्या माणसांनीच तर ही चित्रपटसृष्टी उभी केली होती! करमणूक कर वाढला. आणि नेमक्या त्याच वेळी घरोघर व्हीसीआर आला. दुबईहून येणाऱ्या कॅसेटी, रात्रीपुरता भाड्यानं आणलेला टीव्ही आणि व्हीसीआर, एका रात्रीत संपवलेले तीन-तीन चित्रपट : आपल्याकडच्या वाचकांनाही हे आठवत असेल. तिकडे त्या कॅसेटीत होता तो मुंबईचा सिनेमा, ज्याच्यावर बंदी होती. थिएटरात अमिताभ नाही, घरात मात्र आहे. मग थिएटरात कोण जाईल? आधी बायका-मुलं जायची थांबली, मग मध्यमवर्ग थांबला. बंदीनं मुंबईचा सिनेमा रोखला नाही. तिनं एवढंच केलं की त्या सिनेमाच्या तिकिटाचा पैसा पाकिस्तानी थिएटरमालकाला मिळू दिला नाही.

राहिलेल्या पुरुष प्रेक्षकासाठी पंजाबी चित्रपट आला. १९७९ चा 'मौला जट्ट', नासिर अदीबची लेखणी, नायक सुलतान राहीचा गंडासा, म्हणजे लांब दांड्याची कुऱ्हाड, आणि समोर मुस्तफा कुरेशीचा नूरी नत्त. सरकारनं त्याच्यावरही बंदी घालून पाहिली, तरी तो चालला. इथे एक सांगतो. उर्दूप्रेमी मंडळी सगळा दोष या पंजाबी चित्रपटांवर टाकतात, गंडाशानं उर्दू सिनेमा मारला म्हणतात. हा उर्दू मध्यमवर्गाचा आढ्यतेखोरपणा आहे. गावाकडून शहरात कामाला आलेल्या माणसाला त्या चित्रपटांत आपली भाषा आणि आपला राग सापडला. ज्या काळात बोलायची चोरी होती, त्या काळात पडद्यावर कुणीतरी सत्तेपुढे आरडाओरडा करत होतं. सुलतान राहीनं सातशेच्या आसपास चित्रपट केले आणि निम्मा धंदा एकट्याच्या खांद्यावर पेलला. जानेवारी १९९६ मध्ये गुजरांवाल्याजवळ हमरस्त्यावर त्याला गोळ्या घातल्या गेल्या आणि उरलंसुरलंही कोसळलं. सत्तरच्या दशकात सातशेच्या आसपास असलेली थिएटरं पुढे दोनशेच्याही खाली आली. लाहोरच्या लक्ष्मी चौकामागे रॉयल पार्कात वितरकांची कार्यालयं होती, तिथे छापखाने आले. हातानं भलीमोठी पोस्टरं रंगवणारे दुसऱ्या कामाला लागले.

मग दार किलकिलं झालं. २००६-०७ पासून पाकिस्ताननं भारतीय चित्रपटांना हळूहळू परवानगी दिली. 'आता आपला सिनेमा संपलाच', असं तिथले अनेक जण म्हणाले, आणि झालं उलटंच. भारतीय चित्रपटांच्या गल्ल्यावर कराची, लाहोर, इस्लामाबादला मल्टिप्लेक्स उभी राहिली. कुटुंबं परत थिएटरात यायला लागली. त्या खुर्च्यांवर मग पाकिस्तानी चित्रपटही बसला. २००७ मध्ये शोएब मन्सूरचा 'खुदा के लिए' आला. त्यातला शेवटाकडचा कोर्टाचा प्रसंग ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. संगीत हराम आहे असं पटवून पोरांची डोकी फिरवणाऱ्या मौलवीला उत्तर द्यायला एक म्हातारा मौलाना साक्षीला येतो आणि धर्मग्रंथाच्याच आधारानं त्याचं म्हणणं खोडून काढतो. न ओरडता, थकलेल्या आवाजात, जणू घरातल्या वडीलधाऱ्यानं समजवावं. तो मौलाना नसीरुद्दीन शाह आहे. २००८ मध्ये मेहरीन जब्बारच्या 'रामचंद पाकिस्तानी'त नंदिता दास होती. नबील कुरेशीच्या 'अ‍ॅक्टर इन लॉ'त ओम पुरी होते. तो २०१६ च्या सप्टेंबरात लागला. त्याच महिन्यात उरीचा हल्ला झाला.

माणसं परत ये-जा करू लागली, आणि दहा वर्षांत मेलेला सिनेमा उठून बसला. २०१९ मध्ये बालाकोट झालं, मग काश्मीरचं कलम ३७०, आणि पाकिस्ताननं पुन्हा भारतीय चित्रपट बंद केले. पाठोपाठ करोना. पुन्हा थिएटरं बंद पडायला लागली, पुन्हा तिथले मालक सरकारला विनवू लागले की आम्हाला दाखवायला चित्रपट द्या. २०२२ मध्ये बिलाल लाशारीच्या 'द लेजंड ऑफ मौला जट्ट'नं विक्रम केला, पण वर्षातून एखादा चित्रपट चालून बावन्न आठवड्यांचं वीजबिल निघत नाही. एकच प्रयोग दोनदा केला, दोन्ही वेळा एकच उत्तर आलं.

आता देशभक्तीचा मुद्दा. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यात महाराष्ट्रातली सहा होती. त्यांच्या घरच्यांपुढे जाऊन 'चित्रपट चालू द्या' म्हणायची माझी हिंमत नाही आणि तशी इच्छाही नाही. त्यांचा राग खरा आहे. सरकारनं व्यापार तोडावा, व्हिसा बंद करावेत, तो सरकारचा निर्णय. माझा प्रश्न बाकीच्या आपल्याला आहे : फवाद खानचा 'अबीर गुलाल' इथे लागला नाही, पाकिस्तानी मालिकांची यूट्यूब चॅनेलं बंद झाली, याचा मारेकऱ्यांना काय फटका बसला? सरमद खूसटचा 'जिंदगी तमाशा' २०२० मध्ये तिथल्या धर्मांध पक्षाच्या धमक्यांमुळे अडला, शेवटी २०२३ मध्ये त्यानं तो यूट्यूबवर टाकला. सईम सादिकच्या 'जॉयलँड'ला कान महोत्सवात पारितोषिक मिळालं आणि पाकिस्तानच्या पंजाबात बंदी. बंदूक हातात घेणाऱ्यांच्या मागे उभी राहणारी जी मानसिकता आहे, तिच्याशी हे लोक रोज आपल्या घराच्या पत्त्यावर राहून भांडतात. त्यांना आपण दार बंद करतो तेव्हा तिथल्या मौलवींचंच काम हलकं करतो.

मुंबईनं तर २०१६ मध्ये याहून वाईट केलं. 'जागो हुआ सवेरा' हा १९५९ चा चित्रपट. ढाक्याजवळच्या नदीकाठच्या कोळ्यांची गोष्ट, माणिक बंदोपाध्याय यांच्या कादंबरीवरून. पटकथा आणि गाणी फैज अहमद फैज यांची. नायिका तृप्ती मित्रा, कोलकात्याची, म्हणजे भारतीय. संगीत तिमिर बरन यांचं, तेही भारतीय. अयुब खानच्या राजवटीला त्यात कम्युनिझमचा वास आला आणि तो पाकिस्तानात दडपला गेला. २०१६ मध्ये नव्यानं दुरुस्त केलेली प्रत कानला दाखवली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईच्या चित्रपट महोत्सवात तो लागणार होता. एका संघटनेनं पोलिसात तक्रार केली, आयोजकांनी चित्रपट काढून टाकला. पाकिस्तानच्या लष्करशहानं दडपलेला, निम्मा भारतीयांनी केलेला, सत्तावन्न वर्षांचा म्हातारा चित्रपट आपण पाकिस्तानी म्हणून हाकलला. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांच्या बंगल्यावर बैठक झाली आणि पाकिस्तानी नट घेतलेल्या निर्मात्यांनी सैनिक कल्याण निधीला पाच कोटी द्यावेत, अशी अट पुढे आली. खंडणीसारखा पैसा सैन्याला नको, असं माजी लष्करी अधिकारीच तेव्हा बोलले.

मराठी सिनेमावाल्यांनी हे सगळं लक्ष देऊन बघावं असं मला मनापासून वाटतं, कारण लाहोरची १९५४ सालची अवस्था आणि आपली आजची अवस्था यांत साम्य आहे. बलाढ्य हिंदी शेजारी आपल्या दाराशी नाही, आपल्याच घरात राहतो. डिसेंबर २०१७ मध्ये 'टायगर जिंदा है'पुढे 'देवा' या मराठी चित्रपटाला पडदे मिळेनात तेव्हा जो संताप झाला तो रास्त होता. मल्टिप्लेक्समध्ये मराठीला ठरावीक वेळ राखून ठेवण्याचा २०१५ चा निर्णयही रास्त होता, फक्त तो कागदावर न राहता रोज पाळला जायला हवा. खेळाची वेळ, तालुक्याच्या गावी उभं असलेलं थिएटर, परवडणारं तिकीट, लेखकाला वेळेवर पैसे : मागायचं तर हे मागावं, आणि जोर लावून मागावं. पण 'त्यांचा चित्रपट लावूच नका' ही मागणी करू नये. 'सैराट' २०१६ मध्ये हिंदीच्या शेजारी लागला आणि हिंदीवाल्यांनाच त्याचा रीमेक काढावा लागला. दारं बंद असती तर तो रीमेक झाला नसता, आणि 'सैराट'ही कदाचित तसा झाला नसता, कारण नागराज मंजुळेंच्या पिढीनं जगभरचा सिनेमा बघूनच आपली गोष्ट सांगायची रीत शोधली आहे.

एक काम मात्र आजही करता येईल, त्याला कुठल्या कराराची गरज नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. ज्या शहरात शालिमार स्टुडिओ होता, तिथे शालिमारच्या माणसांवर, त्यांच्या लाहोरमधल्या पुढच्या कामावर, ढाक्याच्या उर्दू चित्रपटांवर मराठी उपशीर्षकांसह एक आठवडा व्हायला हवा. मराठी चित्रपट महामंडळानं तो मागावा, राज्याच्या सांस्कृतिक खात्यानं जागा द्यावी. आणि पहिल्या दिवशी 'जागो हुआ सवेरा' लावावा, पोलीस बंदोबस्त लागला तर बंदोबस्तात.